मशिनांनी मिल खाल्ल्या का?

मंडळी, आपल्या उज्जैनच्या मराठी घरांमधे एक वाक्य अगदी ठरलेलं आहे. जुन्या मिलांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "मशिनांनी मिल खाल्ल्या." आता घरातला पुतण्या-भाचा पिथमपूरला नाहीतर पुण्याला रोबो असलेल्या कारखान्यात लागला, की वडीलधारी मंडळी पुन्हा तेच ऐकवतात. "जपून रे बाबा, मशीन माणूस खातं. मिलांचं काय झालं ते पाहिलंय आम्ही."

मी बरेच दिवस या विषयावर वाचतो आहे आणि जितकं वाचलं तितकं हे वाक्य पटेनासं झालं. आपल्या मिल का गेल्या हे नीट समजलं तर आजच्या पोरांना रोबोबद्दल काय सांगायचं तेही कळेल. म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

(नव्या मंडळींसाठी एक खुलासा. मुंबईकर गिरणी म्हणतात तिला आपण उज्जैनकर मिल म्हणतो. आपल्याकडे गिरणी म्हणजे दळणाची.)

आधी मिल आल्या कशा ते पाहू. १८१० मधे दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली आणि उज्जैन हे तीर्थाचं आणि व्यापाराचं गाव उरलं. व्यापार कसला, तर मुख्यतः अफूचा. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जायची आणि त्यावर इथल्या पेढ्या गब्बर झाल्या होत्या. पुढे इंग्रज सरकारने चीनशी करार करून १९०७ नंतर ही निर्यात दरवर्षी कमी करत नेली आणि १९१३ पर्यंत ती थांबलीच. शेठ लोकांच्या पैशाला नवी वाट हवी होती. काळ्या मातीतली कपाशी दाराशी होती, रेल्वे आली होती, हातांना काम हवं होतं. इंदूरला तुकोजीराव होळकरांनी (दुसरे) फार आधीच स्टेट मिल काढली होती, मग मालवा मिल आली, १९१५ मधे हुकुमचंद मिल आली. आपल्या उज्जैनला नजरअली, विनोद, विमल, हीरा. यातली विनोद मिल झालरापाटणच्या विनोदीराम बालचंद पेढीची. आगर रोडकडची विनोद मिलची चाळ आजही सगळ्यांना माहीत आहे, मिल न पाहिलेल्यांनाही.

शिंदेशाहीबरोबर इकडे आलेली आपली घरं बहुतेक दफ्तरात, शाळेत, देवस्थानात किंवा वकिलीत. वेधशाळेत गोविंद सदाशिव आपट्यांसारखा ज्योतिषी होता. माधवराव शिंद्यांनी १९२३ मधे जयसिंहाची वेधशाळा दुरुस्त करून घेतली ती पुढे आपट्यांच्या देखरेखीखाली चालली, हे या समूहात वेगळं सांगायला नको. पण मिलमधेही आपली माणसं होती. कुणी टाइम ऑफिसात, कुणी हिशेबात, कुणी साळखात्यात जॉबर. ज्या गावाच्या रेखांशावरून जुने ज्योतिषी काळ मोजायचे, त्या गावाच्या दिवसाचे तुकडे मिलच्या भोंग्याने पाडले. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. मिलमधे नसलेली माणसंही भोंग्यावर घड्याळ लावायची.

आता साळखातं म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट तिथे आहे. साळखातं म्हणजे विणकाम खातं, जिथे माग चालतात. आपल्या मिलांत होते तसले माग लँकेशायरच्या पद्धतीचे, साधे. उभे धागे म्हणजे ताणा, आडवा धागा म्हणजे बाणा. बाण्याच्या सुताची कांडी धोट्यात बसवायची आणि धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे वेळा आपटत जायचा. शेकडो माग एका छताखाली. आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर हाताच्या खुणा. आमच्या गल्लीतले एक काका साळखात्यात होते. ते घरीसुद्धा मोठ्याने बोलायचे आणि समोरच्याच्या ओठांकडे बघायचे. लहानपणी आम्हाला ते रागीट वाटायचे. रागीट वगैरे काही नव्हते, कान गेले होते.

या मागावर कामगार दोन गोष्टी सतत करायचा. कांडी काही मिनिटांत संपायची, की माग थांबवा, धोटा काढा, भरलेला धोटा घाला, पुन्हा चालू करा. नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं, म्हणजे कापसाची धूळ थेट छातीत. दुसरी गोष्ट नजरेची. बाणा तुटला तर माग आपोआप थांबायची सोय जुनी होती, पण ताण्याच्या शेकडो धाग्यांतला एखादा तुटला तर ते डोळ्यांनीच पकडायचं. नाही पकडलं तर कापडात दोष आणि पगारात कात्री. म्हणून एका माणसाकडे साधारण दोन माग. दोन हात आणि दोन डोळे, त्यापेक्षा जास्त कुठून आणणार?

मंडळी, आज आपण ऑटोमेशन, सेन्सर, रोबो हे शब्द ऐकतो तेव्हा मोटारींचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. पण त्या साऱ्या विद्येची एक मोठी शाळा म्हणजे हेच साळखातं. १८९० च्या दशकात अमेरिकेत जेम्स नॉर्थ्रॉप नावाच्या माणसाने ड्रेपर कंपनीसाठी असा माग बनवला की कांडी संपत आली की मागालाच ते कळावं आणि चक्रात लावून ठेवलेली भरलेली कांडी हातोडीच्या एका ठोक्यात धोट्यात जाऊन बसावी, माग न थांबता. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक बारीक पत्र्याची पट्टी लोंबत ठेवली. धागा तुटला की पट्टी खाली पडणार, खाली पडली की माग बंद. यात वीज नाही, कॉम्प्युटर नाही, पण आजचा सेन्सर जे करतो तेच ती पट्टी करत होती. एका विणकराकडे दोनाऐवजी सोळा-वीस माग आले. शिवाय धोट्याला तोंड लावायची गरज संपली, हेही लक्षात ठेवा. मशिनाने माणसाच्या छातीतली धूळ कमी केली, हा हिशेबही मांडायला हवा.

जपानमधे साकिची टोयोदांनी हीच वाट धरली. १९२४ मधे त्यांचा 'जी' नावाचा स्वयंचलित माग तयार झाला. वेग न मोडता धोटा बदलायचा, धागा तुटला की स्वतः थांबायचा. तिथे एका कामगाराकडे दोन डझनांहून जास्त माग. १९२९ मधे इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने, म्हणजे ज्यांचे माग आणि चाती जगभर जायच्या त्यांनीच, या मागाचे हक्क एक लाख पौंडाला विकत घेतले. चेला गुरूला विद्या विकू लागला! टोयोदांच्या घराण्याने पुढे मोटारींत हात घातला, तीच आजची टोयोटा. गडबड दिसली की मशिनाने स्वतः थांबायचं आणि मग माणसाने येऊन कारण शोधायचं, ही त्यांच्या मोटार कारखान्याची रीत थेट त्या मागावरून आलेली. जपानी लोक या रीतीला जे नाव देतात त्यात 'चालणे' या अक्षराला मुद्दाम 'माणूस' हे चिन्ह जोडून लिहितात. मशीन चालू दे, पण त्यात माणूस राहू दे, असं काहीसं.

मग आपल्याकडे काय झालं? इथे मशीन येण्याआधी मशिनाची भीती आली, आणि ती खोटी नव्हती. १९२८ मधे मुंबईत मालकांनी साधेच माग ठेवून विणकराला दोनाऐवजी तीन माग सांभाळायला सांगितले, सूतखात्यातही एका माणसावर दुप्पट काम टाकलं. नाव दिलं रॅशनलायझेशन. एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने संप झाला आणि त्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. पुढे १९५५ च्या उन्हाळ्यात कानपूरला याच कारणावरून ८० दिवस मिल बंद राहिल्या. त्याच जुलैत, २३ तारखेला, भोपाळला दत्तोपंत ठेंगडींनी भारतीय मजदूर संघ काढला. ठेंगडी आपल्या वर्ध्याजवळच्या आर्वीचे. त्या संघाचे हुकुमचंद कछवाय पुढे १९६७ मधे उज्जैनचे खासदार झाले. तिकडे इंदूरने १९६२ मधे कॉम्रेड होमी दाजींना लोकसभेवर पाठवलं होतं. झेंडे वेगळे, पण माणसाच्या पोटावर मशीन येऊ देणार नाही ही भाषा दोन्हीकडे होती. मिल असलेल्या गावाची मतं मिलच्या फाटकावर ठरायची.

या सगळ्या भांडणातून १९५७ मधे एक फार शहाणपणाची गोष्ट झाली आणि ती आज कुणाच्या लक्षात नाही. दिल्लीत पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार संघटना एका टेबलाशी बसले आणि नव्या मशिनांसाठी नमुना करार ठरला. त्यात तीन अटी. एक, मशीन आणलं म्हणून आहे त्या कामगाराला काढायचं नाही आणि त्याची कमाई घटवायची नाही. दोन, मशिनाने जो फायदा होईल तो मालक, कामगार आणि समाज यांनी वाटून घ्यायचा. तीन, कुणाकडे किती मशिनं द्यायची हे दोघांना मान्य असलेल्या जाणकाराने मोजून ठरवायचं आणि कामाची जागाही सुधारायची. तीन ओळींत मावेल इतकाच करार, पण मशीन विरुद्ध माणूस या भांडणाचं उत्तर त्यात होतं. कायदा मात्र नव्हता. पाळला तर करार, नाहीतर कागद.

आणि इथेच आपल्या मिलांची गोष्ट वळण घेते. १९५६ च्या धोरणात सरकारने मिलांचे माग गोठवले. हातमाग जगावा म्हणून मिलांनी मागांची संख्या वाढवायची नाही आणि स्वयंचलित माग घ्यायचा तर मोजकी परवानगी, तीही निर्यातीच्या अटीवर. हेतू चांगला होता. त्या काळी देशभरच्या मिलांत सुमारे दोन लाख माग होते आणि त्यातले स्वयंचलित दहा टक्केसुद्धा नव्हते. जगात १९५० च्या दशकातच धोट्याशिवाय चालणारे माग आले होते, स्विस सुल्झरचे. पुढे तर हवेच्या झोताने बाणा फेकणारे माग आले, आपल्या जुन्या मागाच्या चौपट-पाचपट वेगाचे. आपल्याकडे बहुतेक मिलांत मात्र आजोबा चालवायचे त्याच मागावर नातू बदली कामगार म्हणून उभा.

मग मिलांचं कापड गेलं कुठे? हातमागाकडे फार थोडं गेलं. ते गेलं पॉवरलूमकडे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, आणि आपल्या जवळचं बुऱ्हाणपूर. इचलकरंजीला विठ्ठलराव दातारांनी १९०४ मधेच पहिला पॉवरलूम आणला होता, पण खरी वाढ या दशकांतली. गंमत म्हणा की शोकांतिका, या गावांत लागलेले कित्येक माग मिलांनी काढून टाकलेले, भंगाराच्या भावाने घेतलेले होते. म्हणजे तोच लँकेशायरचा माग, तोच धोटा. फरक इतकाच की पत्र्याच्या शेडमधे चार-सहा माग, बारा तासांची पाळी, ना भविष्यनिर्वाह निधी, ना ग्रॅच्युइटी, ना युनियन. त्यामुळे कापड स्वस्त.

म्हणून म्हणतो, "मशिनांनी मिल खाल्ल्या" हे वाक्य उज्जैनला लागू पडत नाही. आपल्या मिलांना ज्याने हरवलं ते नवं मशीन नव्हतंच. जुनंच मशीन होतं, फक्त ते चालवणारा माणूस स्वस्तात मिळत होता. नवं मशीन आलं असतं तर कामगार कमी लागले असते हे खरं, पण मिल उभ्या राहण्याची निदान शक्यता होती.

दोष एकाच्याच माथी मारता येत नाही. चांगल्या वर्षांत मिलांनी जो नफा कमावला त्यातला किती मशिनांत परत घातला, हा प्रश्न देशभरच्या मालकांना विचारण्यासारखा आहे. सरकारने १९७४ मधे आजारी मिल ताब्यात घेतल्या, त्यात आपली हीरा मिल होती. इंदूरच्या तिघींबरोबर ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. मालक बदलला, माग बहुतेक तेच. १९८५ च्या नव्या कापड धोरणाने मिल आणि पॉवरलूम यांना एकाच रांगेत उभं केलं आणि जी मिल चालत नाही ती बंद होऊ द्यावी असं पहिल्यांदा उघड म्हटलं. पाठोपाठ ७५० कोटींचा आधुनिकीकरण निधी काढला. पण ज्या मिलकडे कर्ज फेडायची ताकद तिलाच तो मिळणार. ज्या आधीच खाटेवर पडलेल्या, त्यांना कोण कर्ज देणार? संघटनांनीही दोन माग की चार माग यावर जितकी शक्ती लावली तितकी 'नवे माग कधी आणता ते सांगा' यावर लावली नाही. मुंबईत १९८२ चा संप झाल्यावर तर सगळ्या देशातल्या मिलमालकांनी कापडापेक्षा जमिनीकडे बघायला सुरुवात केली.

मग एकेक भोंगा थांबला. इंदूरची हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद झाली. आपली विनोद मिल १९९६ मधे. हीराही पुढे गेली. मक्सी रोडचं श्री सिंथेटिक्स हे त्या मानाने नव्या जमान्याचं, कृत्रिम धाग्याचं, तेही टिकलं नाही. विनोद मिलच्या ४३५३ कामगारांची देणी अडकली. पगाराची थकबाकी, ग्रॅच्युइटी, सगळं. प्रकरण कोर्टात फिरत राहिलं आणि २०१९ मधे सर्वोच्च न्यायालयाने थकबाकी द्यायचा आदेश दिला. मधे तेवीस वर्षं गेली. पन्नाशीतला कामगार त्र्याहत्तरीचा झाला, तोही जगला असेल तर. बऱ्याच जणांच्या नावावर वारस उभे राहिले. हुकुमचंदच्या कामगारांना २२४ कोटींचा चेक मिळाला तो २५ डिसेंबर २०२३ ला, बत्तीस वर्षांनी.

आता १९५७ चा करार आठवा. कामगाराला काढायचं नाही, फायदा वाटून घ्यायचा, काम मोजून द्यायचं. यातली एकही अट मोडायला आपल्याकडे नवं मशीन लागलं नाही. मशीन न आणताच तिन्ही अटी मोडल्या गेल्या. १९९२ मधे केंद्र सरकारने राष्ट्रीय नवीकरण निधी काढला. नवं तंत्र आल्यामुळे ज्याचं काम जाईल त्याला नवीन काम शिकवावं असा त्याचा उद्देश होता. त्यातला बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीच्या चेकांमधे गेला आणि शिकवणं बाजूला राहिलं. साळखात्यातला पंचेचाळिशीचा माणूस तो चेक घेऊन घरी बसला, मुलीचं लग्न केलं, ऑटोरिक्षा घेतली किंवा महाकाळाजवळ हार-फुलं विकायला लागला. धागा तुटल्याचं बोटांनी ओळखणारा माणूस! त्या बोटांना दुसरं काम शिकवणं अशक्य होतं असं मला वाटत नाही. कुणी शिकवलं नाही.

आता आजच्या पोरांकडे वळू. मिल विझत होत्या त्याच काळात इंदूरच्या पलीकडे, धार जिल्ह्यात, पिथमपूर उभं राहत होतं. मागास भागाच्या सवलती होत्या, म्हणून पुण्याचे फिरोदिया तिथे आले. कायनेटिक होंडाची स्कूटर तिथली, बजाज टेम्पोचाही कारखाना तिथे. आयशरने १९८६ मधे मित्सुबिशीच्या साथीने ट्रक सुरू केला. आपल्या कितीतरी घरांतली मुलं आयटीआय करून तिकडे गेली. देवासला किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना होताच. सकाळची गाडी पकडून देवासला अप-डाउन करणारी एक सबंध पिढी या समूहात आहे. या नव्या कारखान्यांनी जुन्या मिलांतला कामगार फारसा घेतला नाही. त्यांना शिकलेला, विशीतला पोरगा हवा होता. एकाच घरात बाप कोर्टाच्या तारखेला आणि मुलगा सीएनसी मशिनावर, हे चित्र आपण पाहिलंय.

त्यानंतर रोबो आले. जगातला पहिला कारखान्यातला रोबो, युनिमेट, १९६१ मधे अमेरिकेत जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीच्या कारखान्यात लागला. काम काय? साच्यातून निघालेले लालबुंद गरम धातूचे भाग उचलून बाजूला ठेवणं. म्हणजे जिथे माणसाचे हात भाजायचे ते काम. आपल्याकडेही रोबो आधी तसल्याच जागी दिसतो. वेल्डिंगच्या ठिणग्या, रंगाची वाफ, जड वजन उचलणं. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकड्यांप्रमाणे २०२३ मधे भारतात ८५१० नवे औद्योगिक रोबो बसले, आदल्या वर्षीपेक्षा ५९ टक्के जास्त, आणि आपण जगात सातव्या क्रमांकावर आलो. त्याच वर्षी जगभरात बसले सुमारे ५ लाख ४१ हजार. म्हणजे वेग मोठा, पण अजून सुरुवात आहे.

आणि एक गंमत. रोबोला पोलादी पत्रा उचलणं सोपं जातं, पण कापड नाही. पत्रा ठेवला तिथेच राहतो. कापड लोंबतं, सुरकुततं, ताणलं तर ओढलं जातं. त्यामुळे ज्या धंद्यात यांत्रिक चालना फार आधी आली त्या विणकामाची सख्खी बहीण जी शिलाई, ती अजून माणसाच्या हातात आहे. उज्जैनमधे आता तयार कपड्यांचे कारखाने आलेत आणि तिथे शिवणयंत्रांवर रांगेने आपल्या मुली-सुना बसतात. ज्या गावात एकेकाळी पुरुष कापड विणायचे तिथे आज बायका कापड शिवतात. देवास रोडवर नरवरजवळ विक्रम उद्योगपुरी झाली, अकराशे एकरांच्या आसपास, तिथे वैद्यकीय उपकरणांचं पार्क होतंय. तिथल्या कारखान्यांत मशिनं पहिल्या दिवसापासून नवी असणार. यावेळी मशीन येणार की नाही हा प्रश्नच नाही.

मग पोरांना सांगायचं काय? "मशीन माणूस खातं" असं सांगून घाबरवू नका. १९५७ च्या तीन अटी त्यांना पाठ करून द्या आणि नोकरी लागताना त्या प्रश्न म्हणून विचारायला सांगा. नवीन मशीन आलं तर मला दुसरं काम शिकवणार का, आणि ते कुठे लिहिलंय? मशिनामुळे उत्पादन वाढलं तर माझ्या पगारात काय दिसेल? माझ्याकडे किती मशिनं द्यायची ते कोण मोजणार? आज कंत्राटावर लागलेला मुलगा हे प्रश्न कुणाला विचारणार हाही प्रश्नच आहे. त्याचं नाव मस्टरवर एका ठेकेदाराकडे असतं, काम दुसऱ्याचं असतं. मिलच्या कामगाराला निदान कोर्टात दाखवायला हजेरी कार्ड होतं. म्हणून कागद जपा, पगाराची चिठ्ठी जपा, पीएफचा नंबर पाठ ठेवा. ४३५३ माणसांना शेवटी जे मिळालं ते कागदावर त्यांचं नाव होतं म्हणून मिळालं.

आणि शेवटी समूहाला एक विनंती. ज्यांच्या घरी मिलचं हजेरी कार्ड, पगाराचं पाकीट, जुना धोटा किंवा कांडी असेल त्यांनी खाली फोटो टाकावा आणि कोणत्या खात्यातली, साधारण कोणत्या सालातली ते लिहावं. नावं-पत्ते झाकून टाका. साळखात्यात, सूतखात्यात काम केलेले कुणी काका, आजोबा हयात असतील तर त्यांच्याशी बोलून घ्या. एका वेळी किती माग सांभाळायचे, नवीन माग आणायची गोष्ट कधी कानावर आली होती का, आली असेल तर कोण काय म्हणालं होतं, एवढं विचारा. मोठ्याने विचारा, बऱ्याच जणांना ऐकू कमी येतं. उत्तरं इथे लिहा, मी ती खात्यांप्रमाणे लावून ठेवतो.